लहान्याची झोळी आणि सूर्यमाळचं पाणी

सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर पाणी चढवायचं, एवढंच हर्षदाचं काम. म्हणायला सोपं हो! पंप छोटा, चढ उभा. पाइपाच्या आतल्या भिंतीला घासत पाणी भोवरे धरतं आणि पंपाचा निम्मा जोर तिथेच जिरतो. जामसरच्या मास्तरांची ही लेक मुंबईत तेच शिकून आली होती. तिनं पाइपाच्या भिंतीत बारीक पडदे बसवले. दाब बघून ते कधी हलवायचे, हे कॉम्प्युटरनं चुकतमाकत स्वतःच शिकायचं. भोवरे निवले की पाणी सुरळीत वर. दोन हजार चारचा उन्हाळा होता. बाजाराच्या दिवसापर्यंत पाणी पोचलं नाही तर पंप दुसऱ्या गावाला जाणार, असं पाणीखात्याच्या साहेबांनी बजावलं होतं. मग पाड्यातल्या बायांनी पुन्हा दरीत हंडे घेऊन उतरायचं.

कॉम्प्युटर काही शिकेना. पाणी अर्ध्या चढावर येऊन बसायचं. हर्षदा मेटाकुटीला आली.

मग एका सकाळी पाणी सरसर वर निघालं. पडदे संथ ठेक्यात हलत होते, आणि हा ठेका तिनं दिलेला नव्हता. पाइपाच्या कडेनं ती चढत गेली आणि तिला हसूच फुटलं. पाड्यातल्या खडी फोडणाऱ्या रखमीनं आपल्या तान्ह्या लहान्याची झोळी पाइपाच्या टेकूंना बांधली होती. उघड्या माळावर झाड कुठलं? झोका बसला की पाइप थरथरायचा, आणि कॉम्प्युटर नेमकं तेच गिरवत होता.

खात्री करायला तिनं झोळी रखमीच्या घरात हलवायला लावली. ठेका टिकला. कॉम्प्युटर शिकलाय, त्यात नवल काय!

दुपारी मात्र पाइप अचानक धडधडला, पाणी खाली घसरलं. घरात लहान्या जागा होऊन रडत होता. रखमीनं झोका दिला, तो शांत झाला. पाणीही.

योगायोग, हर्षदा म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं, तेव्हा ती स्वतःच झोळीकडे धावली.

बाजाराच्या दिवशी रखमीच्या दारातल्या नळाला पाणी आलं. हर्षदाला रडू आवरेना. बायांनी हंडे लावले.

तेवढ्यात पंपावरचा तुका धापा टाकत वर आला. वीज गेली होती. पंप बंद, कॉम्प्युटर बंद.

नळ चालूच होता.

पाइप तर चढाचा. पाणी आपोआप येणं शक्यच नव्हतं.  नळ बंद करायला हर्षदानं हात पुढे केला, तो रखमीनं धरला.

"ऱ्हाऊ दे बाय. अजून निजला नाय तो. निजला का झोका थांबल, पाणी बी."

दारातून आत झोळी दिसत होती. दोरीला कुणाचाच हात नव्हता. झोळी संथ झुलत होती आणि लहान्याचे डोळे जड होत चालले होते.

पाड्यातल्या सकूचा हंडा रांगेत शेवटचा होता, अजून रिकामाच. ती गुपचूप आत गेली आणि तिनं लहान्याच्या तळपायाला हळूच गुदगुली केली.