जास्तीची गोळी

गुरुवार, चौदा नोव्हेंबर. सकाळपासून धुकं, दुपारी दोनलाही व्हरांड्यातले दिवे चालू होते.

वृद्धाश्रमात पाळी बदलताना पहिलं काम ठरलेलं. कपाटातलं कपाट दोन किल्ल्यांनी उघडायचं, मॉर्फिनच्या गोळ्या एकीने तोंडाने मोजायच्या, दुसरीने रजिस्टरात बघायचं, मग दोघींनी सह्या करायच्या. तिथल्या सगळ्यात जुन्या नर्स, अक्का, पाळीवर येऊन मोजत होत्या. घरी निघालेली धाकटी नर्स रजिस्टरावर बोट ठेवून उभी होती.

"बावीस," अक्का म्हणाल्या.

"इथे एकवीस आहेत."

आज चौथा दिवस. तीन दिवस दोघींनी ती जास्तीची गोळी गुपचूप पाण्यात विरघळवून टाकली होती. सांगणार कुणाला, आणि काय म्हणून? दुसऱ्या दिवशी दोनला ती पुन्हा पट्टीत बसलेली, वरचा चंदेरी कागद जसाच्या तसा. कपाट उघडलं की निलगिरीचा वास.

धाकटीने पहिल्या दिवशी हसण्यावारी नेलं होतं. आज तिचा आवाज खाली गेला. "अक्का, कमी भरली तर कुणीतरी घेतली म्हणता येतं. पण जास्त भरली, म्हणजे... कुणाला तरी द्यायची राहिली."

अक्कांनी पट्टी खाली ठेवली.

निलगिरीचं तेल सात नंबरच्या खोलीत राहणाऱ्या, निवृत्त मेट्रनबाई लावायच्या. सगळी हयात वॉर्डात घालवलेली बाई. अंथरुणाला खिळल्यावरही आतून ओरडायची, तोंडाने मोजा गं, मनातलं मला ऐकू येत नाही. अक्कांना मात्र न मोजताच सही ठोकायची सवय. सगळ्या चेष्टा करायच्या, अक्कांची सही अक्कांच्या आधी ड्युटीवर येते. सतरा ऑक्टोबरला 'सात नंबर, शिल्लक एक' यावर त्यांनी अशीच सही केली. चारला गोळी द्यायला गेल्या, तर पट्टी रिकामी. सही त्यांची, म्हणजे हरवली त्यांनीच. एकोणीस वर्षांची नोकरी आणि परवाना, दोन्ही जाणार. त्यांनी लिहिलं, 'चार वाजता दिली.'

नवा साठा दुसऱ्या दिवशी आला. तोवर सातची घंटा वाजत राहिली. येईल त्याला मेट्रनबाई सांगत होत्या की मला गोळी मिळालीच नाही. रजिस्टर म्हणे मिळाली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, वयाने विसरतात. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

टिंग... व्हरांड्यातल्या फलकावर सातचा लाल दिवा लागला. त्या खोलीत आता पलंगही नव्हता.

"वायरमन बघून गेला ना?" धाकटी पुटपुटली.

"बघून गेला. वायर कापून गेलाय."

अक्कांनी पेन उचललं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'सात नंबर, सतरा ऑक्टोबर. गोळी दिली नाही. खोटं मी लिहिलं.'

"अक्का... परवाना जाईल तुमचा."

"जाऊ दे. मला ती घंटा ऐकवत नाही गं."

सुपरवायझर बाईंनी दोनदा वाचलं, किल्ल्या काढून घेतल्या आणि अक्कांना घरी जायला सांगितलं. त्या निघण्याआधी तिघींसमोर पुन्हा मोजणी झाली. निलगिरीचा वास गेला होता. रजिस्टरात एकवीस. गोळ्या बावीस.

फलकावर सातचा दिवा विझला होता. बाराचा लागला होता. बारा नंबरची खोली मार्चपासून रिकामी आहे. त्याआधी त्या खोलीच्या औषधांची सही धाकटी करत असे.