अर्धी पास्टी

जोरी नान्स खाणीत जेवायला बसला तो पुन्हा उठलाच नाही. त्याला लांडग्यांना घालायचं विष दिलं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेजारी अर्धी पास्टी, म्हणजे मांस-भाजी भरून भाजलेली मोठी करंजी, पडली होती; तिच्यावरही तेच विष सापडलं. पास्टी ऑनर ट्रेवेनाच्या बोर्डिंग हाऊसमधली, म्हणून डेप्युटी शेरिफ एलम स्ट्राउडने तिला कोठडीत घातलं. पाच वर्षं एलम स्वतः तिच्याच हातचं जेवत होता.

टार्बेल गल्च या खाणगावात फाशीच्या गोष्टी सुरू झाल्या, तशी ऑनरच्या मुलीने डेन्व्हरहून खासगी तपासनीस ऑगस्टा क्रॉवेलला बोलावून घेतलं.

"पोरीशी ठरलेलं लग्न जोरीने मोडलं होतं," एलम म्हणाला. "आणखी काय हवं, बाई?"

"त्याचा डबा."

डबा दोन कप्प्यांचा. वर पास्टी, खाली चहा. चहाचा कप्पा धुऊन लख्ख केलेला. ऑगस्टाने अर्धी पास्टी सुरीने उघडली. आत मांस, बटाटा, सलगम. बाहेरून टोक साधंच, काही न कोरलेलं.

कोठडीत ऑनर शांतपणे बोलली. ज्याला जे आवडेल ते ती त्याच्या पास्टीत भरी आणि ओळखू यावं म्हणून एका टोकाला नावाची अक्षरं काढी. तिच्यासारखी इंग्लंडातल्या कॉर्नवॉलची माणसं साध्या टोकापासून खायला सुरुवात करतात, अक्षरं शेवटी. उरली तर कोणाची ते कळतं.

"सगळ्यांना कांदा लागतो," ती म्हणाली. "एकट्या मुकादम स्टर्जिसला चालत नाही."

जोरीचा कॉर्नवॉलचा गाववाला पेथ्रिक बोलिथो पाळी बदलली की त्याच्याच पलंगावर झोपायचा. पांघरुणावरून त्यांची भांडणं होत, हे त्याने कबूल केलं. खाणीत तीन माणसं दगावली ती छताच्या कुजक्या टेकूंमुळे, अशी साक्ष जोरी सोमवारी चौकशीत देणार होता. तू काय पाहिलंस, असं विचारल्यावर पेथ्रिकने मान खाली घातली.

मुकादम हायरम स्टर्जिस मूळचा अमेरिकेतल्याच व्हर्मॉंटचा, राहायला ऑनरकडेच. प्रेत त्यालाच आधी दिसलं, डबाही त्यानेच वर आणला. आपण कशाला हात लावला नाही, असं तो म्हणाला.

दुपारी जेवणघरात ऑगस्टाने सगळ्यांना बसवलं.

"विष चहात होतं. नाहीतर खाणीत जेवताजेवता चहाचा कप्पा कोण धुतो? मग पास्टीवर विष आलं कुठून? नंतर टाकलं, ऑनरवर आळ यावा म्हणून. पण जोरी आपली पास्टी संपवून बसला होता. खुन्याला स्वतःची उरलेली ठेवावी लागली."

"कशावरून?" एलमने विचारलं.

"अक्षरांचं टोक आधी खाल्लंय. कॉर्नवॉलचा माणूस तसं खात नाही, म्हणून पेथ्रिक सुटला. आणि आत कांदा नाही."

सगळ्यांच्या नजरा स्टर्जिसकडे वळल्या.

"टेकूंना मालकांकडून लाकूडच मिळत नव्हतं," तो म्हणाला. "जोरी बोलला असता, तर फासावर मात्र मला चढवलं असतं."

एलमने त्याच्या हातात बेड्या घातल्या. कोपऱ्यातून पेथ्रिक उठला.

"सोमवारी मी बोलतो," तो म्हणाला. "मीही टेकू पाहिले होते."

एलम कोठडीकडे गेला. किल्ली फिरवताना त्याने टोपी काढली.

ऑनर बाहेर आली. "पाळी सुटायची वेळ झाली," ती म्हणाली. "जेवायला येणार आहेस, की भीती वाटते?"

"येतो," एलम म्हणाला. ती पुढे निघाली, तो चार पावलं मागून.