निळ्या चटईखाली

टिंग!

दुपारच्या शांततेत तेवढाच आवाज झाला. आई शिलाई मशीनवर डोकं टेकून पाच मिनिटं डोळे मिटून बसली होती. मामा आतल्या खोलीत आडवा झाला होता. आणि शेपूट आपल्या खिशातला खजिना पत्र्याच्या डब्यात टाकत होता. शेपूट म्हणजे मिरचीचा सात वर्षांचा भाऊ. ती जाईल तिथे हा मागे!

"हळू रे!" मिरची कुजबुजली. मग डब्यात डोकावून ओरडलीच, "ए! ही माझी केसांची पिन!"

"होती. आता माझी आहे. मला सापडली."

"कुठे?"

"व्हॅनमध्ये. सकाळी. मामाच्या पायाशी."

पिन ग्रीसने काळी झाली होती. तिचा एक पाय तुटला होता.

रविवारी मामा आपल्या व्हॅनच्या स्टिअरिंगखाली डोकं घालून बसला होता. तिथूनच त्याने हात पुढे केला होता. "भाचीबाई, डोक्यातली एक पिन द्या बघू! ब्रेकच्या पेडलला लावतो. मेकॅनिक कशाला हवा? आपण आहोत ना!" आणि तिने केवढ्या ऐटीत ती काढून दिली होती!

पिन इथे डब्यात. मग पेडलला काय आहे?

साडेतीन वाजले होते. चार वाजता नऊ मुलं याच व्हॅनमधून पोहायच्या वर्गाला निघणार होती. सगळा उताराचा रस्ता! आणि शेपूट सगळ्यांत पुढे, मामाशेजारी.

मिरचीने शेजारच्या ढापण्याला हाक मारली. त्याची आत्या गॅरेज चालवायची, त्यामुळे गाड्यांचा त्याचा अभ्यास त्याच्या चष्म्याइतकाच जाड होता. टॉर्च घेऊन तो दारातल्या व्हॅनच्या पेडलपाशी वाकला.

"बापरे! पेडल आणि आतला दांडा या खिळीने जोडलेत. खीळ निसटू नये म्हणून टोकाला लोखंडी पिन घालून दुमडतात. इथे नुसतं भोक आहे! आणि खीळ अर्धी बाहेर आलीये."

"आणि माझे पाय का ओले होतात, ते पण बघ ना," शेपूट म्हणाला. "डबकं आलं की मोजे भिजतात. मामा म्हणतो, घाम आहे!"

मिरचीने पुढच्या दोन्ही सीटपुढे अंथरलेली निळी चटई उचलली. खाली तेलाच्या डब्याचा ठोकून सपाट केलेला पत्रा होता, कडेने डांबर फासलेलं. ढापण्याने त्याच्या बाजूला गाडीच्या तळात लोखंडी पट्टी खुपसली. गंजाचा चुरा झाला आणि पट्टी थेट रस्त्याला टेकली!

मिरचीचे कान तापले. एवढे दिवस नऊ मुलं अशा गाडीत बसून गाणी म्हणत होती!

"ढापण्या, आत्याला आण. पळ!"

ती तडक आत गेली. "मामा, ऊठ! ब्रेकची पिन तुटलीये. गाडी न्यायची नाही."

मामा हसला. "बघा, लागली शहाणपण शिकवायला! अगं, वीस वर्षं गाडी चालवतोय मी. सुट्टी संपली की करणारच आहे सगळं नीट."

"सुट्टी संपली की? म्हणजे आम्ही सुट्टीभर तिच्यात बसून झाल्यावर?"

"मिरची! मोठ्यांशी असं बोलतात?" आई मशीनवरून म्हणाली. मिरचीने ओठ घट्ट मिटले. बोलून ऐकत नाहीत ना? मग दाखवूया!

चारला पाच मिनिटं असताना पिशव्या घेतलेली मुलं जमली. मामा गाडीत बसला. ढापण्या आत्याला निरोप देऊन परत आला होता आणि चारी चाकांना विटा लावत होता.

"विटा कशाला रे?"

"सहज, काका. छंद आहे."

"मामा," मिरची गोड आवाजात म्हणाली, "यांना तुझी दुरुस्ती बघायचीये. गाडी सुरू करू नकोस. नुसता ब्रेक दाब, पाच वेळा, अगदी जोरात. एवढं जमेल ना?"

"जमेल ना म्हणे! मोजा रे!"

"एक!" मुलं ओरडली. "दोन! तीन!"

खट्ट! खीळ खाली पडली. पेडल लुळं पडलं, आणि सगळा जोर लावलेला मामाचा पाय चटई बाजूला ढकलत पत्र्यातून आरपार गेला! मामाची चप्पल रस्त्यावर पडली.

कोणीच हसलं नाही. उताराकडे बघून एक मुलगी रडायला लागली.

"हे उतारावर झालं असतं तर?" मिरची ओरडली. "तू खुशाल झोपलास, मामा! पिन तुझ्या पायाशी पडली होती आणि ती याला दिसली! या एवढ्याशाला!"

मामाचा चेहरा पांढराफटक पडला.

मागून ग्रीसचे हात पुसत आत्या आली. तिने वाकून पाहिलं आणि मामापुढे हात पसरला. "किल्ली. सगळा गंज कापून नवा पत्रा वेल्ड होईपर्यंत आणि पेडल मी स्वतः तपासेपर्यंत ही माझ्याकडे." मामाने मुकाट्याने किल्ली दिली. मग आत्या मुलांकडे वळली. "शाब्बास रे पोरांनो! माझ्या गॅरेजमधल्या दोघांच्या नजरेतूनही हे सुटलं असतं."

आई पायऱ्या उतरून धावत आली होती. मापाची टेप अजून गळ्यातच होती. तिने शेपटाला कवेत घेतलं, मिरचीला जवळ ओढलं. "माझी वाघीण गं! मी उगाच रागावले तुला."

मिरची तिच्या मिठीत विरघळली नाही. तिच्या हातात गाडीतून ओढून काढलेली निळी चटई होती. कडेला आईची ओळखू येणारी बारीक, नेटकी शिलाई.

"आई, ही तूच शिवलीस ना? चारी बाजूंनी वीतभर जास्त ठेव, असं मामा म्हणाला होता. मी तिथेच होते."

आईने होकारार्थी मान हलवली.

"मग तू त्याला विचारलं का नाहीस, खाली काय झाकायचंय म्हणून?"