बर्बटची लांबी

खाली दिलेला प्रत्येक आकडा मी स्वतः तपासला आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरीही हे घडले आहे.

मंगळवार, १० नोव्हेंबर १९९२. रीडिंगजवळच्या एका छोट्या संग्रहालयाचे तळघर. दुपारचे साडेतीन.

आमच्या नोंदी तेव्हा कॉम्प्युटरवर चढवल्या जात होत्या. प्रत्येक जुने कार्ड त्याच्या नमुन्याच्या बरणीशी ताडून पाहणे हे माझे काम. त्या दिवशी बर्बट हाती आला. गोड्या पाण्यातला, इंग्लंडच्या नद्यांतून नाहीसा झालेला मासा. हा १९०४ साली पकडलेला.

कार्डावर लांबी ३८८ मिलिमीटर.

मी मोजली...

४१२.

अल्कोहोलमधला मासा थोडा आकसतो. वाढत कधीच नाही. म्हणजे कोणीतरी दुर्मिळ इंग्लिश मासा लंपास करून बरणीत युरोपातला दुसरा ठेवला होता.

बरण्यांच्या कपाटाची चावी एकाच माणसाकडे असे. शशिधर कारखानीस, आमचे वयस्कर टेक्निशियन. वेम्बलीहून रोज येत.

"काका, हा मासा कोणी बदललाय का?"

ते हसले. "डॉक्टरीणबाई, घरी नेऊन कालवण नाही केलं मी त्याचं!"

"मी सीरियसली विचारतेय."

त्यांचे हसू मावळले. "तो... वाढतो, वैजयंती. दोनदा मोजलाय मी. पण रिपोर्ट करू नकोस. मला कोण बिलीव्ह करणार?"

मी रिपोर्ट केला.

आठवड्याभरात त्यांना सस्पेंड केले. बरणीला मी सील लावले आणि चावी माझ्याकडे आली.

जानेवारीत चौकशी समितीने पुन्हा मोजमाप मागितले. मी एकटीच खाली गेले. हवेचा पंखा दुरुस्तीसाठी बंद होता. एरवी त्याची घरघर सतत असे.

टक्...

काचेवर नख आपटावे तसा आवाज.

मी घड्याळ पाहिले. चाळीस सेकंद.

टक्...

थंडीने पाइप आकुंचन पावत असावा, असे मी वहीत लिहिलेही.

सील शाबूत होते. ते तोडून मासा ट्रेमध्ये घेतला. डोळे पांढरे, अंग ताठ. मेलेला, यात शंका नाही.

मग दोरा दिसला. तोंडातून कल्ल्यात ओवलेला, १९०४ सालचे लेबल बांधलेला दोरा. गाठ मूळचीच. कार्डाला जोडलेल्या जुन्या फोटोत तो सैल लोंबत होता.

आता तो मांसात रुतला होता... वाढत्या खोडात तार रुतावी तसा.

मासा बदललेला नव्हता.

लांबी ४१९.

हा आकडा लिहिला असता तर काका सुटले असते. दोन महिने चावी माझ्याकडेच होती. पण मेलेला मासा वाढतो, असे स्वतःच्या सहीनिशी लिहायचे कसे?

मी ४१२ लिहिले. दोऱ्याचा उल्लेख केला नाही.

काकांना काढून टाकले. मी वेम्बलीला फोन केला.

"मोजलास ना पुन्हा?" त्यांनी एवढेच विचारले.

मी चौकशी समितीबद्दल बोलू लागले. त्यांनी फोन ठेवला.

१९९४ मध्ये मी ती नोकरी सोडली. गेल्या महिन्यात, म्हणजे मार्च १९९८ मध्ये, तिथल्या नव्या क्युरेटरचे पत्र आले. भाषा अतिशय सभ्य आहे. बर्बट मोठ्या बरणीत हलवावा लागला, असे त्यात म्हटले आहे. नोंद करताना माझी चूक झाली, की चावी माझ्याकडे असताना मासा बदलला गेला, हे मी कळवावे.

नवी लांबी त्यांनी लिहिलेली नाही.

मी विचारलेलीही नाही.