पिवळीचा लाल आकडा

"माझे पंधराशे सहा तास चोरीला गेलेत," खुर्चीच्या कडेवर टेकत ती मुलगी म्हणाली.

भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला. "तास? आमचे तर रोजच जातात. तक्रार कधी केली नाही."

"भाऊजी, जरा ऐका," वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी वीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं लावली होती. निवृत्तीनंतर त्यांनी लोकांचं हरवलेलं शोधून द्यायचं काम सुरू केलं. धाकटे दीर सोबतीला. गाडी तेच चालवत, आणि चुकीचा माणूसही नेमाने तेच पकडत.

मुलगी पायलट होती. अंगाने एवढीशी, म्हणून फ्लाइंग क्लबमध्ये सगळे तिला चिमणी म्हणत. मोठी विमान कंपनी पंधराशे तासांच्या अनुभवाशिवाय दारात उभं करत नव्हती. ते तास जमवायला चिमणीने सहा वर्षं नवशिक्यांना शिकवलं, विमानाच्या शेपटीला साबणाच्या जाहिरातीचं कापड बांधून गावावर घिरट्या घातल्या. प्रत्येक उड्डाण एका वहीत, आणि प्रत्येक पानाखाली क्लबच्या मुख्य शिक्षकांची, म्हणजे मास्तरांची सही.

"रविवारी संध्याकाळी वही क्लबच्या कपाटात ठेवली. सोमवारी सकाळी नाही. परवा, शुक्रवारी दहाला मुलाखत आहे. वही नसेल तर आत घेणार नाहीत. पुढची भरती कधी निघेल, कुणालाच माहीत नाही."

"कपाट फोडलं?" वहिनींनी विचारलं.

"नाही. किल्ली फळ्यामागच्या खिळ्याला असते. सगळ्यांना माहितीये."

"मग तीन दिवस तू काय करत होतीस?"

"उडत होते." चिमणीने खिशातून चिठ्ठी काढली. "नेमकं आत्ताच मास्तर रोज तीन-तीन उड्डाणं देतायत. आज सकाळचं धरून सात झाली. सात तास दहा मिनिटं. घड्याळ लावून मोजलेत."

"नेहमी घड्याळानेच मोजतेस?"

"पहिल्या वर्षी घड्याळ नव्हतं. तेव्हा विमानातला मीटर बघून लिहायचे."

वहिनींनी चिठ्ठी वाचली, घडी घालून परत दिली आणि चपला शोधायला लागल्या.

फ्लाइंग क्लब म्हणजे पत्र्याची एक शेड, चार छोटी विमानं आणि वेळा लिहायचा फळा. फळ्यापाशी एक उंच तरुण उभा होता. हा लंबू, चिमणीसारखाच तास जमवणारा.

"तुझे किती झाले?" वहिनींनी विचारलं.

"चौदाशे ऐंशी. वीस हवेत. पण सोमवारपासून मास्तर माझं नाव पुसून तिचं लिहितायत." त्याने हनुवटीने फळ्याकडे खूण केली. "तिची वही गेली म्हणून माझ्याकडे बघू नका, काकू. मुलाखतीचं पत्र मला आलेलंच नाही."

भाऊजी वहिनींच्या कानाशी लागले. "हाच. खिळा केवढा उंच आहे बघा."

"चिमणी रोज स्टुलावर चढूनच किल्ली काढत असणार. स्टूल तिथेच आहे, भाऊजी."

शेडच्या टोकाला मिस्त्री एका जुन्या पिवळ्या विमानाचं इंजिन उघडून बसला होता. वहिनींनी आत डोकावून विचारलं, "या मीटरचा शेवटचा आकडा लाल का?"

"तो तासाचा दहावा भाग, ताई. एक म्हणजे सहा मिनिटं. बाकीच्या तिघांना मीटरच नाही, घड्याळावर चालतं. ही आमची पिवळीच नखरेल."

"हिच्या उड्डाणांची नोंद?"

"माझ्याकडेच. फक्त सगळ्यात जुनी वही मास्तरांनी रविवारी रात्री नेली. सहा वर्षांपूर्वीची. आता तिचं काय लोणचं घालायचंय कुणास ठाऊक."

मास्तर आपल्या खोलीत होते. डोळे लाल, टेबलावर झिजून बोटभर उरलेली पेन्सिल. पाहुण्यांकडे नीट न बघताच ते चिमणीला म्हणाले, "वारा बरा आहे. ऊन उतरायच्या आत अजून एक उड्डाण कर."

"मास्तर, वही..."

"आधी उड्डाण."

वहिनींनी समोरची खुर्ची ओढली. "मास्तर, वही तुमच्या खणात आहे. काढा."

भाऊजींचा चेहरा पडला. त्यांचा संशय अजून लंबूवरच होता.

"चोराला हिला थांबवायचं असतं, तर त्याने हिला जास्त तास दिले नसते," वहिनी म्हणाल्या. "वही गेली त्याच दिवसापासून तास वाढले. म्हणजे नेणाऱ्याला माहीत होतं, तास कमी पडतायत. फळा तुमच्या हातात. वही सापडली का, हे तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत. आणि पिवळीची नेमकी पहिल्या वर्षाची वही तुम्ही नेलीत, जेव्हा या पोरीकडे घड्याळ नव्हतं. मीटरवर एक आणि लाल तीन, म्हणजे एक तास अठरा मिनिटं. हिने लाल तीनला तीस मिनिटं समजून लिहिलं असणार, एक तास तीस. वेळापत्रकात माझीही एकदा अशीच गफलत झाली होती. बस उभी, प्रवासी गायब."

मास्तरांनी खण उघडला. दोन्ही वह्या एकावर एक होत्या.

"मुलाखतीआधी मी प्रत्येकाची वही पडताळून बघतो," ते हळू आवाजात म्हणाले. "सत्तर उड्डाणं. चौदा तास जास्त. उरले चौदाशे ब्याण्णव. कंपनीने पकडलं असतं तर खोटारडी म्हणून शिक्का बसला असता. जन्माचा."

"मला सांगायचं ना," चिमणी म्हणाली.

"तू त्याच मिनिटाला फोन करून नाव मागे घेतलं असतंस. ओळखतो मी तुला. म्हटलं, गुरुवारपर्यंत आठ तास भरून काढू, मग सांगू." त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली. "आणि प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. न बघता केलेली. ते तोंडाने सांगवेना."

चिमणी पानावरून बोट फिरवत राहिली. "म्हणजे तास मीच चोरले होते."

"चोरले नाहीस. चुकलीस. मी चुकू दिलं."

"आणि वर तीन दिवस रडवलंत," वहिनी म्हणाल्या. "आता सत्तर ओळी दुरुस्त करा, दोघांच्या सह्यांनिशी."

"शुक्रवारी ती पानं मीच आधी उघडून दाखवणार," चिमणी म्हणाली. "काय म्हणायचं ते म्हणू देत."

मास्तरांनी नुसती मान हलवली.

"आठातून सात तास दहा गेले," भाऊजी बोटं मोजत म्हणाले, "राहिली पन्नास मिनिटं. बरोबर ना, वहिनी?"

"आज पहिल्यांदाच."

चिमणीने पिवळीच काढली. शेजारी, शिकाऊच्या जागेवर, मास्तर बसले. ऊन कलेपर्यंत पिवळी शेतांवरून फिरली आणि अलगद उतरली. मीटर शून्य आणि लाल नऊने पुढे सरकला होता.

चिमणीने घड्याळाकडे न बघता वहीत लिहिलं: चोपन्न मिनिटं.

मास्तरांनी पेन घेतलं. सही करता करता हात थांबला. मग त्यांनी चष्मा लावला, लाल आकडा पाहिला, बोटांवर नवाला सहाने गुणलं, आणि मगच सही केली.