धारवाडला मामाकडचं जेवण

शिवयोगी मला फोटो स्टुडिओत अचानक भेटला, आणि तोसुद्धा दुसऱ्याच्या कोटात. चाटी गल्लीतल्या त्या स्टुडिओत एकच काळा कोट होता, फोटो काढायला येईल त्या पुरुषाला तोच मिळायचा. बाह्या आखूड, त्यातून याचे लांबच लांब हात बाहेर... आणि तरी मेला छान दिसत होता.

तो आमच्याच गल्लीतला. तीन वर्षं आम्ही एकाच रस्त्यानं कॉलेजला गेलो होतो, तो पुढं आणि मी मागं. यंदा बी.एस्सी.ला तो कॉलेजात पहिला आला होता. मी टायपिंगच्या परीक्षेसाठी फोटो काढायला आले होते.

"नंदे, कसं दिसतंय?"

"कोट बराय."

"आणि मी?"

"तुझं विचारलंस व्हय?"

एवढ्यात लाईट गेली. फोटोग्राफर बिरप्पाकाका बंद पडलेल्या पंख्याकडं बघून खाली चहाला निघून गेले. जिन्यातून येणाऱ्या उजेडात आम्ही दोघं बाकाच्या दोन टोकांना बसलो.

"किती कॉपी काढणारैस?"

"तीन. एक पुण्याच्या एम.एस्सी.च्या फॉर्मला, एक धारवाडच्या. आणि एक आई मामाला पाठवणार हाय, धारवाडला."

मामाला भाच्याचा फोटो कशाला? त्यानं तर याला पाळण्यापासून पाहिलेलं. तो फोटो कुणाच्या हातात जाणार, ते मला चांगलं माहीत होतं. कस्तुरी! गेल्या उन्हाळ्यात मामाची ही लेक एका लग्नाला आली होती. घारे डोळे, केसांत अबोली, आणि पंगतीत कानडीत गोड गोड बोलत सारखी याच्याच पानात तूप वाढत होती. आमच्यात मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क. त्यात भाचा दोन वर्षं मामाच्या घरी राहिला, जेवला, की मग कुणी काही विचारत नाही, सरळ अक्षता पडतात.

"तू पुण्यालाच जा," मी म्हणाले.

"का?"

"पुण्याच्या विद्यापीठाचं नाव केवढं मोठं हाय. तिथली डिग्री म्हटली की लोक उठून खुर्ची देत्यात. धारवाडला कोण विचारतंय?"

एवढ्या खर्चाचं पुणं मी सुचवत होते! टांग्याचे पैसे वाचवायला स्टेशनवरून घरापर्यंत चालत येणारी मी.

"धारवाडबी चांगलं हाय की. आणि मामा म्हणतोय, घरातच राहा, जेव. एक पैसा खर्च न्हाय."

"कस्तुरी... सैपाक बरा करती का?"

"लई चांगला. तिच्या हातचं तू एकदा खाल्लंस तर—"

"मला न्हाय खायचं."

तो हसला. मला इतका राग आला की मी भिंतीवरच्या कुणा अनोळखी नवरा-नवरीच्या फोटोकडं बघत बसले.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "पुण्याला जायचं तर आप्पांना दुकानाचा अर्धा गाळा सोडावा लागतोय. परवा टेप घेऊन मोजत होते. मला बघून टेप खिशात घातली."

लहानपणी त्याच्या वडिलांच्या त्या दुकानात गेलं की आप्पा मला न मागता गुळाचा खडा द्यायचे. माझ्या जळफळाटापायी त्या माणसाचं दुकान अर्धं करायचं? माझी मलाच लाज वाटली. पण म्हणून कस्तुरी काही आवडायला लागली नाही.

"मग धारवाडलाच जा," मी म्हणाले. "पण मामाकडं नको राहू. तितं मठाचं वसतिगृह हाय. पोरांना दोन वेळा प्रसाद मिळतोय. पहाटे गार पाण्यानं आंघोळ, चटईवर झोपायचं..."

"बरीच चौकशी केलीयस की."

"सहज."

"मीबी केलीय," तो म्हणाला. "पण गावात मामाचं घर असताना भाचा मठात जेवला तर मामाची अब्रू जाती. आई म्हणंल, माझं माहेर तोडलंस. मामाला पटंल असं कारण पायजे, नंदे."

"अभ्यास होत न्हाय म्हण."

"त्यानं तो ऐकत न्हाय. त्याच्यापुढं एकच कारण चालतंय." त्यानं कोटाचं बटण उगाच काढलं, परत लावलं. "भाच्याचं लग्न ठरलंय. ठरलेल्या पोरानं उपवर पोरीच्या घरात राहू नये, एवढं मामाला कळतंय."

म्हणजे कस्तुरीच्याही आधी कुणीतरी होती! त्या पोरीचा मला इतका राग आला, इतका राग आला, की ती कोण हे लक्षात यायला मला वेळच लागला.

तो माझ्याकडंच बघत होता. कानांपर्यंत लाल झाला होता.

"मामाला तिचं नाव कळवू का?" त्यानं विचारलं. "ती हो म्हणाली तर मठात जेवीन. न्हाय म्हणाली तर..."

"मठातच जेवायचं," मी म्हणाले. "दोन्ही वेळा."

"आणि सणावारी?"

"सणाला गाडी धरून हिकडं यायचं."