ओपल मावशीच्या बोळातली मऊ जागा

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. मला ती फक्त एकदा सांगून मोकळं व्हायचं आहे.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

पूर्व केंटकी, डोंगरातली एक घळ, मार्चमधला मंगळवार, दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी वेंडल. आमच्या घळीत निम्मी माणसं ट्रेलरमध्ये राहतात. म्हणजे कारखान्यात तयार करून ट्रकमागून ओढत आणलेली लांबट घरं. एकदा विटांवर टेकवली की जन्मभर हलत नाहीत, पण नाव ट्रेलरच. त्यांची जमीन म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळ्या. पाणी लागलं की फळी फुगते, मऊ पडते, आणि एक दिवस पाय आरपार जातो. ती कापून काढायची आणि नवं प्लायवूड ठोकायचं, हे माझं आणि ग्रेडी दाजींचं पंचवीस वर्षांचं काम. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान.

हे काम मला हर्शेल काकांनी शिकवलं. माझ्या ओपल मावशीचे यजमान.

आमच्या कामात एक माणूस वर असतो, एक खाली. घराखाली जेमतेम दोन हात उंची असते. पोटावर सरपटत जायचं. वरच्याला खालचा दिसत नाही, म्हणून हातोडीच्या दांड्यानं ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे, मी इथे आहे. दोन म्हणजे, पुढे सरक.

तीन म्हणजे... मला बाहेर काढ.

"तिनाची चेष्टा करायची नाही," असं काकांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत काका स्वतःच्याच ट्रेलरखाली गेले. नळ गोठला होता. घरातल्या अरुंद बोळाच्या बरोबर खाली, हातात हातोडी धरलेली, तसेच सापडले. हृदय बंद पडलं. मावशी तेव्हा स्वयंपाकघरात होती. डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी गेले, त्यांना कळलंसुद्धा नसेल. मावशीनं ती हातोडी त्यांच्याबरोबर शवपेटीत ठेवली.

घराच्या पोटाखाली एक काळं जाड कापड असतं. त्यावर थंडी अडवणारी पिवळी काचलोकर, त्यावर वासे, वाशांवर फळी. काकांनी नळापर्यंत पोचायला ते कापड फाडलं होतं. अंत्यविधी झाल्यावर दाजींनी आत लोकर भरली आणि ते चिकटपट्टीनं बंद केलं.

त्यानंतर कधीतरी बोळातली ती जागा मऊ पडली.

आम्ही सगळे ती ओलांडून जायचो. नातवंडंसुद्धा. दिवाणखान्यातून निघायचं, चौथं पाऊल लांब टाकायचं, की पुढे न्हाणीघर आणि झोपायची खोली. मी तीनदा म्हटलं, मावशी, अर्ध्या दिवसाचं काम आहे, करून देतो.

"राहू दे रे. मला सवय झालीय."

लोक मला टोमणे मारायचे. गावभर जमिनी करतो आणि सख्ख्या मावशीच्या घरात खड्डा. मला लाज वाटायची, पण तिच्यापुढे कुणाचं चालत नसे.

यंदा जानेवारीत ती पायरीवरच्या बर्फावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग शहरातल्या पुनर्वसन केंद्रात सहा आठवडे व्यायाम. घरी सोडण्याआधी नर्स घर बघायला आली, बोळात तिनं पाय ठेवला आणि फळी कचकन दबली.

"गुरुवारी परत येते. तोवर हे पक्कं झालं नाही, तर त्यांना वृद्धाश्रमात ठेवावं लागेल."

त्या संध्याकाळी मावशीचा फोन आला. आवाज एवढासा झाला होता.

"वेंडल, मला इथे मरायचं नाही रे. मला माझ्या घरी ने."

मी शब्द दिला.

मंगळवारी आम्ही गेलो. दाजींचं पोट बघून मी म्हटलं, "आत अडकलात तर ट्रकला दोर बांधून ओढावं लागेल."

"ओढू नकोस. तुझ्या बहिणीला सांग, घोरणं कायमचं थांबलं. पेढे वाटेल ती."

दाजी हसत बाहेर गेले. मी गालिचा उचलायला लागलो. तेवढ्यात घराखालची पोकळी झाकणारा पत्रा सरकल्याचा आवाज आला. दाजी आत शिरले असणार, असं मी धरून चाललो.

मी गुडघ्यावर बसलो, आणि मऊ जागेच्या कडेला एक ठोका दिला.

थोडा वेळ गेला...

खालून एक ठोका.

मी हातभर पुढे गेलो. दोन ठोके दिले, पुढे सरका. खालून दोन आले. अगदी माझ्या तळव्याखाली. मी पेन्सिलनं खूण केली. काम नेहमीसारखं चाललं होतं.

मग मी काही न ठोकता...

खालून तीन ठोके आले.

हळू. एकामागून एक.

मी हातोडी टाकली आणि दाराकडे धावलो. पायऱ्या उतरताना माझ्या मनात फक्त बहिणीचा चेहरा होता.

दाजी ट्रकच्या मागच्या फळीवर बसून सँडविच खात होते.

"काय रे? भूत बघितलंस?"

"तुम्ही खाली नव्हता?"

"पत्रा काढून ठेवला. म्हटलं, आधी खाऊन घ्यावं. उपाशीपोटी त्या चिखलात कोण जाईल, लेका."

"खालून तीन आले," मी म्हटलं. दाजींनी माझ्याकडे बघितलं आणि सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं. दिवा घेऊन ते आत गेले. दहा मिनिटांनी कोपरं झाडत बाहेर आले.

"कापड चांगलं आहे. मी लावलेली पट्टी जशीच्या तशी. आणि वेंडल... पाणी कुठेच नाही. सगळं खडखडीत कोरडं."

कोरडी फळी मऊ पडत नाही. पंचवीस वर्षांत मी एकदाही बघितली नाही.

मी करवतीचं पातं फळीच्या जाडीइतकंच ठेवलं, म्हणजे खालचे नळ कापले जात नाहीत. चौकोन कापला. तुकडा उचलून उजेडात नेला.

वरच्या बाजूला खड्डे होते. बोटाएवढे गोल, शेकडो, एकावर एक. जुने आणि मळके.

कोपऱ्यात मावशीचा झाडू उभा होता. मी त्याचा दांडा उलटा करून एका खड्ड्यात टेकवला. बरोबर बसला. दांड्याचं टोक ठेचून चपटं झालं होतं.

मग दाजींनी तुकडा उलटा केला.

खालच्या बाजूलाही खड्डे होते...

हे गोल नव्हते. चौकोनी होते. तीन-तीनचे गट. प्रत्येक गट वरच्या खड्ड्यांच्या अगदी समोर. दोन्हीकडून ठेचून मधल्या फळीचं पीठ झालं होतं. आणि खालचं लाकूड ताजं होतं, पांढरं. काचलोकरीवर त्याचा भुसा पडला होता.

खाली लोकर ठासून भरलेली. तिच्या खाली बंद कापड. तिथे मांजर शिरायला जागा नव्हती.

काकांच्या हातोडीचा दांडा चौकोनी होता. त्यांनी स्वतः तासलेला. तो कुठे आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी पायरीवर बसून मावशीला फोन लावला.

"मावशी, तू बोळात झाडू आपटायचीस?"



"तू ती फळी काढलीस."

"काढली."

"तुला सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. रात्री नळ थोडा उघडा ठेवा म्हटलं होतं, ठेवला नाही, म्हणून गोठला. मी खूप बोलले. ते रागानं खाली गेले. मग तीन ठोके आले."

"मावशी, तिनाचा अर्थ..."

"मला माहीत आहे अर्थ. पण ते माझी चेष्टा करायचे रे. तीन ठोके द्यायचे, मी घाबरून थंडीत बाहेर पळायचे, आणि हे पत्र्यातून डोकं काढून म्हणायचे, ओपल, कॉफी आण. कितीदा तरी. त्या दिवशी मी म्हटलं, आज नाही आणत, जा. परत तीन आले. मी टीव्हीचा आवाज मोठा केला."



"डॉक्टर म्हणाले जागच्या जागी गेले," मावशी म्हणाली. "मी मान हलवली. काय सांगणार होते मी? महिन्याभरानं एकदा दुपारी तीन वाजता बोळात उभी होते. झाडूनं एकदा ठोकलं. मी इथे आहे, एवढंच सांगायचं होतं. उत्तर आलं. मग रोजच ठोकायला लागले."

"उत्तराला किती ठोके यायचे?"

"तीन."

ती रडत नव्हती. त्यानं मला जास्त त्रास झाला.

"रोज तीनच यायचे, वेंडल. आणि मी रोज नुसतं सांगत राहिले, मी इथे आहे. खाली जायची हिंमत मला झाली नाही."

मी विचारलं, काय करू. ती म्हणाली, मला घरी ने. ठोके ऐकू येणारी ती मऊ जागा ठेवणं आणि तिला घरी आणणं एकत्र होणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

बुधवारी आम्ही दुसरा वासा जोडून आधार दिला आणि जाड प्लायवूड बसवलं. दाजींनी खालचं कापडही नवं लावलं, मग वर येऊन माझ्या शेजारी फळी धरून बसले. घराखाली कुणी नव्हतं. मी पहिला स्क्रू लावला.

खालून तीन ठोके आले...

दाजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

परत तीन.

मी ड्रिल सुरू केलं. स्क्रू आत गेला तरी बोट काढलं नाही. यंत्राची घरघर चालू राहिली म्हणजे दुसरं काही ऐकू येणार नव्हतं. मावशीनं टीव्हीचा आवाज मोठा केला तसंच मी केलं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी केलं.

साठ स्क्रू लावले. शेवटचा लावून ड्रिल थांबवलं तेव्हा खाली पूर्ण शांतता होती.

गुरुवारी नर्सनं बोळात उड्या मारून बघितलं आणि सही केली. शुक्रवारी मावशी घरी आली. वॉकर टेकत बोळात उभी राहिली. सवयीनं तिनं चौथं पाऊल लांब टाकायला बघितलं, मग थांबली. माझ्याकडे झाडू मागितला आणि दांडा एकदा आपटला.

आम्ही दोघं ऐकत उभे राहिलो.

काहीच नाही.

"फळी जाड आहे मावशी," मी म्हटलं.

"हो. चांगलं काम केलंस बाळा."

तिनं माझ्या गालावर हात फिरवला. मला त्या हाताकडे बघवेना.

एकोणीस दिवसांनी, एप्रिलमधल्या एका दुपारी, ती फोन उचलेना म्हणून मी आणि दाजी गेलो. दार उघडं होतं. घरात ती नव्हती. वॉकर बाहेर होता, घराच्या मागच्या बाजूला. त्याच्या शेजारी पत्रा काढून नीट भिंतीला टेकवून ठेवला होता.

मी हाका मारल्या. मग दाजी आत गेले.

शहात्तर वर्षांची बाई, खुब्यात लोखंड घातलेलं. ती सात-आठ हात सरपटत गेली होती. बोळाच्या बरोबर खाली, कुशीवर निजली होती. जवळ थर्मास होता, आणि काकांचा पत्र्याचा कप. कप रिकामा होता, तळाशी कॉफीचा ओला डाग.

मावशी कॉफी पीत नसे. जन्मात कधी प्यायली नाही.

डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी गेल्या.

तिला नेल्यावर मी एकटाच परत खाली सरपटलो. दाजी नको म्हणत होते. नवं कापड अखंड होतं, एक खिळा हललेला नव्हता. मी ते चाकूनं कापलं. लोकर बाजूला केली आणि माझ्याच हातानं बसवलेल्या प्लायवूडवर दिवा धरला.

तिथे एक खड्डा होता. चौकोनी. एकच.

एक म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी बराच वेळ तिथे पडून होतो. मी ती फळी बसवली नसती तर मावशी वृद्धाश्रमात आणखी दहा वर्षं जगली असती, किंवा दहा दिवसांत गेली असती. मला माहीत नाही. कुणी मला ते सांगूही शकणार नाही.

आम्ही अजून तेच काम करतो. दाजी खाली, मी वर. आता खालून तीन ठोके आले की मी हातातलं टाकून धावतो. गेल्या महिन्यात दोनदा त्यांना नुसतं पाणी हवं होतं. मी काही न बोलता पाणी नेऊन दिलं, आणि ते पिऊन होईपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहिलो.